ॲपशेठ, तुमची पेढी कुठं आहे?

मा. ॲपशेठ यांस,


आपलं नाव लिहीत नाही. एक तर आपण सगळे ॲपवाले सख्खे भाऊ, टी-शर्टचे रंग तेवढे वेगळे. दुसरं म्हणजे पत्ता ठाऊक नाही. लातूरच्या आडत दुकानदाराचा गाळा असतो, गाळ्यात गादी असते, गादीवर शेठ नसला तर मुनीम असतो. भांडायला माणूस सापडतो. आपण मात्र मोबाइलमध्ये राहता आणि तिथूनच पोराला बोलावता, पिटाळता, दंड करता, काढून टाकता. या सोयीबद्दल आधी अभिनंदन.

आमच्या गल्लीतला एक पोरगा आपला 'डिलिव्हरी पार्टनर' आहे. म्हणजे होता. रविवारी रात्री ट्यूशन एरियातल्या एका होस्टेलवर त्यानं बिर्याणी पोचवली. चौथा मजला, लिफ्ट बंद. गिऱ्हाइकानं कळवलं, ऑर्डर मिळालीच नाही. सोमवारी सकाळी पोराची आयडी ब्लॉक. त्यानं हेल्पवर लिहिलं. उत्तर आलं, 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. मग चॅट आपोआप बंद झाली आणि त्यालाच विचारणा झाली की आमची सेवा कशी वाटली, स्टार द्या. त्यानं पाच दिले. मी म्हटलं, अरे पाच कशाला? तर म्हणतो, "काका, एक दिला आन् अजून कायतर बंद केलं तर? कोनाला इच्यारावं तेच कळंना झालंय."

पाच स्टार आपल्याला मुबारक.

आपल्या नकाशाबद्दलही एक तक्रार होती, पण ती लातूरच्या गंजगोलाईकडे सोपवतो. सोळा रस्ते फुटतात तिथून. भर बाजारात त्यातल्या कुठल्या रस्त्यावर हातगाडा आडवा लागलाय, हे आपल्या उपग्रहाला दिसत नाही. नांदेडात शिखांच्या हल्ला महल्ला मिरवणुकीच्या दिवशी गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते, आणि आपला बाण मात्र त्याच गर्दीतून सरळ निघालेला. उशीर झाला की रेटिंग पोराचं खाली जातं, बाणाचं नाही.

असो. कायद्याचं बोलू. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यांच्या पोटात गेले. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' ही माणसं पहिल्यांदाच केंद्राच्या कायद्यात आली. संसदेनं ती संहिता 2020 मध्ये मंजूर केली होती. आपली बिर्याणी अर्ध्या तासात येते, तिच्या मागचा कायदा यायला पाच वर्षं लागली. याचा दोष आपल्याला देत नाही, मुरायला वेळ लागतोच. आता आपण उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम या लोकांच्या निधीत घालायची आहे. पण घाबरू नका, पोरांना जे पैसे देता त्याच्या 5 टक्क्यांवर ती जायची नाही, अशी वेसणही कायद्यानंच घालून दिली आहे. डिसेंबर 2025 मधल्या नियमांच्या मसुद्यात अट होती की वर्षात एका ॲपवर 90 दिवस, किंवा अनेक ॲपवर मिळून 120 दिवस काम झालेलं असावं. एकोणनव्वदाव्या दिवशी आयडी ब्लॉक करण्याचा विचार आपल्या मनात येणारही नाही, याची मला खात्री आहे.

निधी मिळेल, ठीक. पण आयडी का बंद केली हे विचारायचा हक्क त्या संहितेत शोधून सापडत नाही. तो हवा असेल तर पोरानं उदगीरहून बीदरची एसटी पकडावी. कर्नाटकानं 2025 मध्ये प्लॅटफॉर्म कामगारांचा स्वतःचा कायदा केला. तिथं काम बंद करायचं तर लेखी कारण द्यावं लागतं, 14 दिवस आधी कळवावं लागतं, आणि यंत्र ज्या रीतीनं कामं वाटतं नि माणसाला जोखतं ती रीतही सांगावी लागते. बीदर आणि उदगीर एकेकाळी एकाच निजामाच्या राज्यात होते. बोली एकमेकांना समजते, सोयरिकी आहेत. पण बीदरच्या पोराला चौदा दिवस आणि उदगीरच्या पोराला एक मेसेज. आपलं सॉफ्टवेअर दोन्हीकडं तेच, म्हणजे अडचण सॉफ्टवेअरची नाही. युरोपीय संघानं तर 2024 च्या निर्देशात ठरवून टाकलंय की खातं बंद करायचा निर्णय माणसानं घ्यायचा, यंत्रावर सोडायचा नाही.

माहितीच्या कायद्याचीही एक गंमत आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि महत्त्वाच्या कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी मालकाला माणसाची माहिती संमतीशिवाय वापरायची मोकळीक आहे. पोरगा कुठं थांबला, किती वेगानं गेला, हे सगळं आपल्याकडं आहेच. उद्या कुणी जाब विचारला तर आपण काय म्हणणार? पीएफ मागितला तर तो नोकर नाही, भागीदार आहे. संमतीशिवाय माहिती का वापरली, असं विचारलं तर? तेव्हा तो नोकर निघाला, तर आम्ही मोठ्या आनंदानं पीएफचा अर्ज घेऊन येऊ.

आपला लाडका मुद्दा असा की हे सगळं नवं आहे, पोरगा चार ॲपवर काम करतो, मग त्याचा मालक कोण म्हणायचा? शेठ, जरा लातूरच्या मोंढ्यात या. हमाल सकाळी एका आडत्याचे सोयाबीनचे कट्टे उतरवतो, दुपारी दुसऱ्याची तूर भरतो. त्याचा मालक कोण, हाच प्रश्न महाराष्ट्राला पडला होता. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून. मालक एक नाही ना, मग सगळ्यांनी मंडळाकडं नोंदणी करा, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरा, हमालाचा पीएफ नि ग्रॅच्युइटी मंडळ बघेल. मोबाइल सोडा, गावात धड फोन नव्हता तेव्हा हे सुचलं. अंमल कुठं किती झाला यावर मी आपल्याशी नाही, सरकारशी भांडेन. पुढं ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलं, तेही याच वाटेनं. एका ट्रकमधून किती कट्टे कुणी उतरवले याचा हिशेब वहीत बसत होता. आपल्याकडं तर प्रत्येक ऑर्डरची वेळ सेकंदासकट आहे. लेव्ही मोजायला इतकं सोयीचं गिऱ्हाईक माथाडी मंडळाला कधी मिळालं नसेल.

तेव्हा विनंती एवढीच. लातूर आणि नांदेडात एकेक गाळा घ्या. मोंढ्यात मिळेल. गादी टाका, एक मुनीम बसवा. पगारी बसवा, पार्टनर नको.

कळावे,
आपला एक गिऱ्हाईक, लातूर

ता. क. : या पत्राचं उत्तर 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो' असं येणार असेल तर पाठवू नका. तक्रार पोराची आहे. त्याची आयडी रविवारच्या कोणत्या पुराव्यावरून बंद झाली, तेवढं एका ओळीत मराठीत त्याला लिहा, आणि खाली लिहिणाऱ्याची सही असू द्या.