रुतण्याची तयारी

मृग जवळ आला की आमच्या नाशकातल्या गंगापूर रोडवर गाड्यांच्या टपांवर नारिंगी फळ्या उगवू लागतात. लांबट, भोकाभोकांच्या, अंगभर दात असलेल्या. चाक चिखलात जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच्यापुढे सरकवायच्या, म्हणजे त्या दातांना धरून ते वर येतं. पण बहुतेक फळ्या अशा कोऱ्या करकरीत असतात की त्यांच्याकडे बघून थोडी कणवच येते. आमच्या आधीच्या पिढ्यांची सगळी हुशारी रुतू नये यासाठी खर्च झाली. पाऊस बघून निघायचं, पाणंद टाळायची, लांबचा का होईना, मुरमाचा रस्ता धरायचा. आता माणूस आधी सुटकेचं सामान विकत घेतो आणि मग त्याला साजेसा चिखल शोधत हिंडतो.

नाशिकला हे वेड लागलं यात नवल नाही. 2020 साली आलेली महिंद्रांची नवी थार तयार होते ती नाशिकच्याच कारखान्यात, आणि इगतपुरीजवळ त्यांनीच ऑफ-रोड शिकवायचं मैदानच केलं आहे. शुल्क भरून, रीतसर, गुरूच्या देखरेखीखाली चिखलात शिरता येतं. शिवाय जिल्ह्यानं दोन्ही प्रकारच्या चिखलांची सोय करून ठेवलेली. पश्चिमेला इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस आणि भाताची खाचरं. पूर्वेला निफाडकडे पाऊस त्याच्या पाव हिस्साही नाही, पण तिथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग सावकाराच्या वहीसारखी वागते. पाऊल एकदा नोंदवलं की सहजासहजी मोकळं करत नाही. चाकाला ती इतकी लपेटते की टायरची नक्षी बुजून चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. खाचराचा चिखल निदान पातळ मनाचा असतो.

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी गाडी घेतली आणि एका रविवारी आमच्या गॅलरीत सगळं सामान मांडलं. रुखवत मांडावं तसं, कौतुकानं. हा ओढायचा पट्टा, हा झटक्याचा पट्टा, ह्या पट्टे जोडायच्या लोखंडी शॅकल, हे हातमोजे. मला दोन्ही पट्टे सारखेच दिसत होते. "मावशी, त्यातच तर सगळं आहे," तो म्हणाला आणि समजावत बसला. ओढायचा पट्टा पॉलिएस्टरचा, तो जवळजवळ ताणत नाही. बंद पडलेली गाडी सडकेवरून न्यायला तो बरा. रुतलेल्या गाडीसाठी नायलॉनचा हवा. तो आपल्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यानं ताणला जातो. पुढची गाडी निघते तेव्हा तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. गाडी चालू लागते, पट्टा उलगडतो, ताणतो, आणखी ताणतो, आता तुटणार असं वाटतं, आणि विलंबित ख्यालात सम यावी तशी मागची गाडी सावकाश जागची हलते. साठवलेला सगळा जोर तो एकदम न देता हळूहळू परत करतो, म्हणून दोन्ही गाड्यांची हाडं शाबूत राहतात.

निवड करायची ती आकड्यांवर. थारचं वजन पावणेदोन टनांच्या घरात, त्यात चिखलाची ओढ वेगळी. म्हणून पट्ट्याची तुटण्याची मर्यादा गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी लागते. पाऊण इंची शॅकलवर 4.75 असा टनांचा आकडा कोरलेला असतो. ज्या शॅकलवर काहीच लिहिलेलं नाही ती स्वस्त मिळते आणि तिच्यापासून लांब राहावं, हे मला त्या दिवशी पटलं. लोखंडाऐवजी आता दोराचीच विणलेली मऊ शॅकलही मिळते. ती इतकी हलकी की पाण्यात पडली तर तरंगते, तुटलीच तर डोक्यात गोळा बसत नाही. डोक्यात बसणारा खरा गोळा वेगळाच. काही गाड्यांच्या मागे ट्रेलर जोडायला एक लोखंडी गोळा असतो. दिसायला मजबूत, हाताशी, बोलावल्यासारखा उभा. त्याला झटक्याचा पट्टा अडकवला, गोळा तुटून उडाला आणि माणसं दगावली, असं परदेशात घडलेलं आहे. पट्टा अडकवायचा तो गाडीच्या चौकटीला बसवलेल्या आकड्यातच.

हे ऐकताना मला निफाडकडच्या आमच्या गोठ्यातला नाडा आठवत होता. मोटेचा. मोट केव्हाच गेली होती, विहिरीवर इंजिन आलं होतं, पण आजोबांनी नाडा खुंटीवर जपून ठेवला होता. त्यावर कपडे वाळत घालायची कुणाची हिंमत नव्हती. उसाची गाडी ओढ्यात बसली की कुणीतरी पोरगं धावत यायचं, "आबा, नाडा द्या," आणि आजोबा नाडा न देता स्वतःच नाड्यासह निघायचे. आधी गाडीभोवती एक फेरी. मग चाकापुढची माती काढायची, गोणपाट आणि बाभळीच्या फांद्या टाकायच्या, पुढं आणखी एक जोडी जुंपायची आणि बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचं. पोरांना ते दोराच्या रेषेत कधी उभं राहू देत नसत. भाच्याचं पुस्तकही हेच सांगतं: ताणलेल्या दोरावर मध्ये जड ओलं कापड टाका, आणि बघ्यांना दूर ठेवा. नारिंगी फळीत मला तर ते गोणपाटच दिसतं. फक्त त्याला आता रंग आला आहे, दात आले आहेत आणि किंमत आली आहे.

त्या सगळ्या सामानात मला मनापासून आवडली ती सगळ्यात क्षुद्र गोष्ट, टायरमधली हवा काढायची बोटाएवढी चिमुकली किल्ली. तिशीच्या पुढचा दाब अठरापर्यंत उतरवला की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा ठसा लांबट होतो, आणि कितीदा तरी गाडी कुणाच्या मदतीवाचून निघून येते. पण हे आधी करायला कुणी तयार नसतं. आधी इंजिन गर्जवून चाकं आसापर्यंत पुरायची, मग हवा काढायची, असा रिवाज दिसतो. हवा परत भरायला पंप मात्र जवळ हवा, नाहीतर अठरावरच घोटी-नाशिक करावं लागतं, आणि ते टायरला सोसत नाही.

विंचची गोष्ट आणखी मजेची. विंच म्हणजे गाडीनं स्वतःलाच ओढून काढणं. त्यासाठी समोर झाड लागतं. झाडाला थेट दोर आवळला तर साल सोलून निघते, म्हणून आधी रुंद पट्टा गुंडाळायचा. हा नियम ज्यानं केला त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण त्र्यंबककडच्या उघड्या माळांवर झाड आणायचं कुठून? मग खड्डा खणून त्यात गाडीचं जादा चाक आडवं पुरायचं आणि त्याला दोर बांधायचा. चार चाकं वर यावीत म्हणून पाचवं गाडायचं! हे ऐकल्यावर मी चहा टाकायला उठले. एवढ्या तत्त्वज्ञानावर चहा लागतोच.

पण दोराला दुसरं टोक असतं, आणि खरी अडचण तिथं आहे. एवढं सामान असलं तरी समोर कुणीतरी लागतंच. म्हणून ही मंडळी एकटी जात नाहीत. श्रावणात भाचा आणि त्याचा मित्र दोन गाड्या घेऊन भावली धरणाकडे गेले. पहिली रुतली, तिला काढताना दुसरी बसली. पट्टे, शॅकल, फळ्या सगळं बाहेर आलं, पण ओढणारं कुणी उरलं नाही. दोन्ही गाड्या एकमेकींकडे तोंड करून, समोरासमोर बसलेल्या विहिणींसारख्या गप्प. शेवटी खालच्या खाचरातून एक आजोबा चिखलणीचा ट्रॅक्टर घेऊन वर आले. मागं केजव्हील, पुढं झेंडूची वाळकी माळ. त्यांनी आधी गाड्यांभोवती एक फेरी मारली.

"कुठं चालले होते दादा?"

"कुठं नाही बाबा, इथंच आलो होतो."

आजोबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे पोचले ना मंग," ते म्हणाले आणि दोर मागितला.

दोन्ही गाड्या पंधरा मिनिटांत निघाल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत. टपावरचं फावडं तेवढं मागून घेतलं, कारण गाड्या वळवताना खाचराचा बांध फुटला होता आणि लावणी झालेल्या भातातलं पाणी ओहोळाला निघालं होतं. भाच्यानं ते फावडं तोवर एकदाही वापरलं नव्हतं. बांध कसा चोपतात ते आजोबांनी त्याला दाखवलं आणि तो अर्धा तास चोपत होता. घरी आल्यावर त्यानं मला पट्ट्याबद्दल काहीच सांगितलं नाही, बांधाबद्दलच सांगत राहिला.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या एका कुशीला बाहेरून कुऱ्हाड आणि फावडं बांधलेलं असे. बाकीचं सामान नंतर वाढत गेलं. तुमचीही यादी वाढेल, वाढू द्या. पण यंदा भातलावणीच्या दिवसांत इगतपुरीकडे जाणार असाल तर पक्कं फावडं न्या, आणि गाडी निघाली म्हणून लगेच ते टपावर बांधू नका. आधी चाकांच्या चाऱ्या बुजवा, फुटलेला बांध चोपा, आणि मग निघा.