झरीचा प्यालादीन

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एवढ्या एका पुराव्यावर मला पॅलाडिन करण्यात आलं.

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आमच्या गावी, झरीला, आला तो एक जाडजूड पुस्तक आणि रंगीत फाशांची थैली घेऊन. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. खेळायचा टेबलाभोवती, पण आमच्या घरात टेबल एकच आणि त्यावर मिक्सर, म्हणून ढाळजेत सतरंजी अंथरली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि मारलेली तलवार लागली की हुकली हे वीस तोंडांच्या फाशानं ठरवायचं. (रावण दहावर थांबला होता.) पहिल्याच रात्री गल्लीत बातमी गेली की मास्तरांच्या ढाळजेत तिर्रट बसलीय. दोघं जण पैसे घेऊनच आले.

मेव्हणा वायरमन, त्याच्या वाट्याला चोर आला. कुणालाच नवल वाटलं नाही. शेजारचे किराणावाले जादूगार झाले. आणि मी पॅलाडिन, म्हणजे देवाचा योद्धा.

"प्यालादीन?" माय आतून म्हणाली. "माळकऱ्याच्या घरात कसला रे प्याला?" मग तिनं आपल्या समजुतीनं त्याला अल्लादीनचा भाऊ ठरवलं आणि तक्रार मिटली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीत पॅलाडिन दाखल झाला. तेव्हा तीन फासे टाकून व्यक्तिमत्त्वाचे सतरा किंवा अठरा गुण पडले तरच हा योग. तीन फाशांचे २१६ प्रकार, त्यातले चार कामाचे. म्हणजे चौपन्नात एकदा. आमच्या शाळेचा निकालसुद्धा इतका कडक कधी लागला नाही. १९७८च्या पुस्तकात अटी आणखी वाढल्या. कायदा पाळायचा आणि सज्जनही राहायचं, जादूच्या वस्तू दहाच्या वर बाळगायच्या नाहीत, कमाईचा दहावा हिस्सा देवकार्याला द्यायचा आणि वाईट माणसांची संगत धरायची नाही. शेवटच्या अटीपाशी मी पुस्तक मिटलं. ती पाळायची तर झरीच्या स्टँडवर चहा पिता येणार नाही.

शब्दही गमतीचा आहे. पॅलाडिनचं मूळ लॅटिन, अर्थ 'राजवाड्याचा माणूस'. आमच्या मराठवाड्यात 'वाड्यावरून माणूस आलाय' म्हटलं की लोक मागच्या दारानं शेतात जायचे. गोष्टींतले मूळ पॅलाडिन बारा, सम्राट शार्लमेनचे सरदार. आणि शार्लमेनचा राजवाडा होता आखनला, जे आज जर्मनीत आहे. जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे आम्ही उगाच म्हणत आलो नाही.

पहिली रात्र मी वाया घालवली. पवित्र योद्धा म्हणजे उपदेश, असा माझा समज. त्यात बत्तीस वर्षांची मास्तरकी. चोरानं कुलपाला हात लावला की मी त्याला परधनावर चार शब्द सुनवायचो. जादूगारानं चिलखत विकायला काढलं की भाव विचारायचो. एका बंद दारापुढं माझं निरूपण इतकं लांबलं की बाकीचे खिडकीतून आत जाऊन खजिना मोजून परत आले.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुमी खेळायलाव का ग्रामसभा घ्यायलाव?"

शेवटी गुहेत झोपलेला ड्रॅगन सापडला. झोपलेल्या शत्रूवर वार करणं हा अधर्म, म्हणून मी त्याला आधी हाक मारून उठवलं. मग तलवार उपसली, फासा टाकला. एकचा आकडा पडला. वीस तोंडांतलं नेमकं तेवढंच तोंड माझ्या ओळखीचं. मी जळालो, जादूगार जळाला. चोर वाचला, कारण हाक ऐकताच तो पळत सुटला होता.

"काका, पॅलाडिन असाच खेळायचा असं कुठं लिहिलंय?" पुतण्या म्हणाला. २०१४च्या पुस्तकात म्हणे सज्जनपणाची सक्तीच नाही. आपण शपथ घ्यायची आणि ती निभवायची. एक शपथ तर चक्क सुडाची आहे. ती आमच्याकडे बांधावरून घेतात, तिला पुस्तक लागत नाही.

रात्री बाजेवर पडल्यावर आमचे आबा आठवले. आबांची माळ जन्माची. पण हिवाळ्यात शेतात पाहुण्यांसाठी बोकड पडलं की बांधाशी वेगळी चूल मांडून द्यायला आबाच पुढे. तीन दगड ते स्वतः निवडायचे, पातेलं डुगडुगणार नाही असे. कांदे चिरून द्यायचे, डोळे पुसत पुसत. मग आपली भाकरी, दही आणि ठेचा घेऊन लिंबाखाली बसायचे, आणि तिथून ओरडायचे, "मीठ बघा रे!" माळेबद्दल अवाक्षर नाही. ती त्यांच्या गळ्यात होती, दुसऱ्याच्या नाही.

दुसऱ्या रात्री मी नवा पॅलाडिन मांडला. चिलखत काढलं, कारण परभणीच्या उन्हाळ्यात लोखंड घालणारा माणूस पवित्र असेल, शहाणा नसेल. त्याऐवजी बंडी घातली. देवाकडून मिळणारा घोडा परत केला आणि बैल मागितला. पुतण्या कुरकुरला. मी म्हटलं, गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या जनाबाईबरोबर जो देव दळायला बसला, त्याच्या शिपायानं घोड्यावर बसून हिंडायचं? बैल मंजूर झाला. चोर कुलूप काढायला बसला की मी दिवा धरायचो आणि दुसरीकडं बघत पिकाच्या गप्पा मारायचो. मेव्हणा खूश.

मग गोष्टीत दुष्काळ आला. राजाचं कोठार ज्वारीनं भरलेलं, दारात माणसं उपाशी. कोठार फोडावं तर कायदा मोडतो, न फोडावं तर सज्जनपणा. पुतण्यानं मोठ्या खुशीनं हा सापळा रचला होता. अमेरिकेत यावर लोक पन्नास वर्षं भांडतायत म्हणे. मी त्याला मंगळवेढ्याचे दामाजीपंत ऐकवले. बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात सरकारी कोठारं उघडून मोकळे झाले. कथा अशी की विठ्ठल विठू महाराच्या रूपात बेदरला गेला, दरबारात मोहरा ओतल्या आणि पावती घेऊन आला. देव झाला तरी सरकारात पैसे भरताना पावती मागतो, हे मला त्या कथेतलं सगळ्यांत खरं वाटणारं वाक्य.

मी कोठार उघडलं. फोडलं नाही, किल्लीवाल्याला उठवून रीतसर उघडायला लावलं आणि नावनिशीवार वाटप केलं. किराणावाले जादू विसरून मापं मोजू लागले आणि सवयीनं दर पायलीमागं मूठभर मागं ठेवू लागले, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. पहाटे राजाचे शिपाई आले. मी हात पुढे केले.

"आता विठू येतो," मी पुतण्याला म्हटलं. "टाक फासा."

"तुम्हीच टाका."

चार पडले. विठू आला नाही.

कोठडीत तलवार गेली, बंडी राहिली. काय करता, असं पुतण्यानं विचारलं. मी खराटा मागितला. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. कीर्तन मी पहिल्या रात्रीच करून चुकलो होतो. झाडणं राहिलं होतं. पुस्तकात झाडण्याचा नियम सापडेना, तेव्हा पुतण्यानं हताशपणे फासा टाकायला सांगितलं. सतरा. कोपऱ्यातली माती निघाली आणि खाली एक डुगडुगणारी फरशी दिसली.

फरशी खालून कुणीतरी ढकलत होतं. मेव्हण्यानं केव्हाच गुपचूप फासा टाकून ठेवला होता, एकोणीस.

"विठू का?" मी विचारलं.

"दाजी, खराटा ठिवा अन् खाली उतरा," अंधारातून आवाज आला. "अन् कुणी विचारलंच तर सांगा, फॉल्ट काढायला वायरमन आल्ता."