साडेतीनशे सीसी आणि अप्पा बळवंत चौक

भाच्याने साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. गाडी १९५ किलोची, भाचा ५८. मापाचा प्रश्न शोरूममध्ये निघालाच नाही. चप्पल घेताना मात्र हाच मुलगा दोन्ही पायांत घालून दुकानभर फिरून पाहतो.

गाडी लडाखसाठी आहे म्हणे. तूर्तास ती सदाशिव पेठेतून अप्पा बळवंत चौकापर्यंत जाते. तिथे अर्धा क्लच दाबून, मांडीला इंजिनाची धग घेत साहेब ताटकळतात. शेजारून ९७ सीसीच्या स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेले काका रिक्षा आणि बसच्या फटीतून निघूनही जातात. (बहुतेक त्यांना लडाखला जायचं नसावं.)

खरी परीक्षा पार्किंगची. रिव्हर्स गिअर नाही, चवडे टेकत मागे रेटायची. परवा उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी मी, भाचा आणि रसवंतीवाला अशा तिघांनी मिळून बाहेर ओढली.

रसवंतीवाल्याने घाम पुसत विचारलं, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते?’’

‘‘काका, असल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारत नाहीत.’’

‘‘बरं. मग माणसं किती लागतात?’’