बॅकअपभाऊ

शहाद्यात बॅकअपभाऊंना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. सापडलाच, तर त्याच्या आधार कार्डाची एक झेरॉक्स भाऊंच्या कपाटात नक्की असणार. दुकानावर पाटी आहे : 'आधार, सातबारा, झेरॉक्स, लॅमिनेशन, वेबसाईट'. शेवटचा शब्द मागाहून रंगवलेला, त्यामुळे जरा अंग चोरून बसलाय.

प्रतींवरची ही भक्ती भाऊंना सरकारनेच लावली. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आता कागदांची कटकट मिटली, असं गावाला वाटलं. भाऊंनी मात्र दुसरं झेरॉक्स मशीन घेतलं. 'आधारच्या दोन प्रती जोडा, खाली सही करा' हे वाक्य त्यांना तेव्हाच ऐकू आलं असावं.

चौकात कुणी मोटरसायकलवरून घसरला, तर लोक धावतात, उचलतात, पाणी देतात. भाऊही धावतात. मोबाईलची फुटलेली काच पाहून हळहळत विचारतात, "बॅकअप शे ना, भो?"

भाऊंची स्वतःची वेबसाईट घोड्यांची. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, त्यासाठी घोड्याचा फोटो, रंग, दात, देवमण आणि मालकाचा नंबर. यात्रेच्या दिवसांत गर्दी, एरवी पाखरू फिरकत नाही. पण बॅकअपची सेटिंग करताना भाऊ एखाद्या बँकेची तिजोरी सांभाळत असल्यासारखे बसले. प्लगिनने विचारलं, किती वेळाने प्रत घेऊ? दर तासाला. (तासाभरात घोडा असा किती बदलणार, हे विचारायची सोय नव्हती.) जुन्या प्रती किती ठेवू? चौकटीत मावेल तेवढा मोठा आकडा. काय वगळू? या प्रश्नाने भाऊ दुखावलेच. "वगळायचं काय? सगळं आपलंच आहे!" म्हणत ती चौकट त्यांनी रिकामी सोडली.

पण साईट वर्डप्रेसवर, आणि वर्डप्रेसचं घड्याळ आपणहून चालत नाही. कुणी साईट उघडली, तरच ते 'अरेच्चा, बॅकअपची वेळ झाली की' म्हणून जागं होतं. आणि उघडणार कोण? भाऊंनी तोडगा काढला. झेरॉक्सला आलेल्याने मशीन तापेपर्यंत साईट उघडायची. रात्रीची पाळी वहिनींकडे. वहिनींना आता गेल्या तीन यात्रांतल्या सगळ्या घोड्यांची वयं पाठ आहेत.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, पैकी एक दुसऱ्या गावी : हा जगभरचा नियम भाऊंना संध्येसारखा पाठ. दुसरं गाव म्हणून त्यांनी नवापूर निवडलं. शहाद्याच्या गोमाईला पूर आला तरी रंगावलीकाठी साडूंकडे पेन ड्राईव्ह असावा, हा हिशेब. दोन्ही नद्या शेवटी तापीलाच मिळतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. शिवाय नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. साडूंना ताकीद आहे : पेन ड्राईव्ह खिशात ठेवा आणि गाडीची वाट गुजरातेकडच्या टोकाला बघा. म्हणजे तेवढा वेळ एक प्रत परराज्यात.

कुणी हसलं, की भाऊ स्ट्रासबर्गची कथा लावतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या त्या शहरात ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांचं दोन्ही गेलं. हे सांगताना भाऊंचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो. मी एकदा गिटलॅब कंपनीची गोष्ट काढली. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड उपयोगी पडेना. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने अब्रू राखली. भाऊंनी शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला.

गेल्या यात्रेला ऐन बाजाराच्या दिवशी साईट बंद पडली. व्यापाऱ्यांचे फोनवर फोन. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. ज्या दिवसासाठी एवढं केलं, तो आला होता! तपासलं तर चोर आला नव्हता, व्हायरस नव्हता, आगही नव्हती. सर्व्हरवरची जागा बॅकअपनेच खाल्ली होती. काहीच वगळलं नव्हतं ना, त्यामुळे आजच्या प्रतीच्या पोटात कालच्या प्रती, कालच्यांच्या पोटात परवाच्या, आणि सगळ्यांच्या तळाशी तेच मूठभर घोडे.

उपाय एकच, जुन्या प्रती पुसणं. भाऊंनी वहिनींना बोलावलं, "तू दाब" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनींनी बटण दाबलं. साईट सुरू झाली.

चहा घेता घेता मी म्हटलं, "भाऊ, उरलेल्यांतली एक प्रत बाजूला रीस्टोर करून तर बघा. उघडते की नाही, कळेल."

भाऊंनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं रीस्टोरचं बटण त्यांनी का दाबलं नाही, ते मला तेव्हा कळलं.

"इमा काढा म्हनीसन कोनी मरी देखस का, भो?"