नागपूरची पोर आणि चीनच्या बाया

2025 च्या नागपंचमीच्या सकाळी आमच्या सोनारीत बायकांना दोन कामं. पुरणाची दिंडं उकडायची आणि ती माकडांपासून वाचवायची. भैरवनाथाची माकडं, त्यामुळे दगड कुणी मारत नाही, नुसती काठी आपटायची. शेजारच्या आक्का काठी घेऊनच भिंतीशी उभ्या होत्या.

"बाई, काल दिवेलागणीला तुमच्या घरात कसला गलका वं? क्रिकेट हुतं का?"

"बुद्धिबळ, आक्का. दिव्या देशमुख जिंकली. वर्ल्ड कप."

"देशमुख? कुठली? आमच्या धाकट्या नणंदेच्या सासरी देशमुखच हायेत."

"नागपूरची. एकोणीस वर्षांची पोरगी."

नणंदेचं सासर नागपूरपासून लांब, म्हणून आक्कांचा जरा हिरमोड झाला. पण काठी भिंतीला टेकली, म्हणजे आता अर्धा तास तरी हलायच्या नाहीत. "कुठं जिंकली?"

"जॉर्जियात, बातुमी म्हणून गाव आहे समुद्राकाठी. फायनलला समोर कोनेरू हंपी. ही जन्मायच्या तीन वर्षं आधीच हंपी ग्रँडमास्टर झालेली. शनिवारी बरोबरी, रविवारी बरोबरी. मग काल जलद डाव. त्यातलाही पहिला बरोबरीत, दुसऱ्यात काळ्या सोंगट्या घेऊन हिनं हंपीला हरवलं."

"म्हंजी आपलीच आपल्याला भिडली. मग त्यात काय?"

आक्कांना असंच असतं. लग्नाला बोलावलं तर विचारतील, जेवण कोणत्या आचाऱ्याचं. मी म्हटलं, फायनलपर्यंत पोचली कशी ते तर ऐका. मानांकन पंधरावं. चौथ्या फेरीत चीनची झू जिनर, दुसरं मानांकन, तिला घालवली. मग आपली हरिका. उपांत्य फेरीत परत चीन, तान झोंगयी. साधी बाई नव्हे, जगज्जेती होऊन गेलेली. तिच्याशी दुसरा डाव एकशे एक चालींचा झाला.

"एकशे एक? बसून बसून कंबर गेली असंल पोरीची."

"आणि जूनमध्ये लंडनला ब्लिट्झच्या झटपट डावात होउ यिफानला हरवलं ते वेगळंच. पंतप्रधानांनीही कौतुक केलं तेव्हा."

"ही कोन आनि?"

होउ यिफानचं सांगायला मला आवडतं. चीनची पोर, चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर, 2010 मध्ये सोळाव्या वर्षी जगज्जेती. 1991 मध्ये शिये जुननं सोव्हिएत बायकांकडचा मुकुट चीनला नेला, तेव्हापासून तो बहुतेक काळ तिकडेच. सरकारच पोरी हेरतं, सरकारच शिकवतं. यिफान मात्र पुढं शिकायला ऑक्सफर्डला गेली आणि 2020 मध्ये शेनझेनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाली. तरी बायकांच्या जागतिक यादीत 2025 मध्येही पहिल्या नंबरावर.

"आनि आपल्या पोरीला कुनी हेरलं?"

"कुणी नाही. थोरली बहीण बॅडमिंटनला जायची, ही मागं लागली. उंची पुरेना, नेटच्या वर दिसेना, तर तिथंच बुद्धिबळ चालायचं त्यात बसवली. पाचेक वर्षांची असेल. 2012 ला सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती."

"आईबाप?"

"दोघंही डॉक्टर."

"हां!" आक्कांचा सूर लगेच खाली आला. "मग व्हनारच की. आमच्या नातीला परंड्याच्या शाळंत धाडायचं म्हनलं तरी एस्टीची वाट बघत बसायचं."

यावर मला बोलता आलं नाही. खोटं काय होतं त्यात? डर्बन, ब्राझील, कझाकस्तान, पोरीला एवढं फिरवायचं तर पैसा लागतो, आणि त्याहून जास्त, सोबत जायला घरातलं माणूस लागतं. काल जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, ती आई बातुमीतच होती. खेळाच्या बातमीत हे दोन ओळींत संपतं. पण घरचं कोण गेलं, कामधंदा कुणी सांभाळला, हे आक्काच विचारणार.

विषय बदलावा म्हणून म्हटलं, "आणि गंमत ऐका. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात आणि 2500 गुणांकन. हिच्याकडं एकही नॉर्म नव्हता. कप जिंकला की थेट किताब, असा नियम आहे. देशातली अठ्ठ्याऐंशीवी. बायकांत चौथीच. आधीच्या तिघींतल्या दोघींना तर ह्याच स्पर्धेत घरी पाठवलं."

"म्हंजी बारावी न देता एकदम डॉक्टर."

"नियमातच आहे, आक्का."

"न्हाई वं, मी चांगलंच म्हंते. पैसं किती?"

"पन्नास हजार डॉलर. त्रेचाळीस लाखांच्या आसपास."

आक्कांनी पदर सावरला. आकडा मनात दोनदा फिरवला असणार. मग मी त्यांना गेल्या वर्षीचं सांगितलं. जानेवारीत नेदरलँड्सला खेळून आल्यावर दिव्यानं उघड लिहिलं होतं, की प्रेक्षक डाव सोडून तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब बघत होते.

"मग आमच्या भावकीतल्या बायाच गेल्या असतील तिथं!" आक्का इतक्या हसल्या की पलीकडची दोन माकडं पत्र्यावर चढली. "त्येवढ्यावर ही गप बसली का?"

"गप कशाची! त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टला ऑलिम्पियाड. आपला पुण्याचा अभिजित कुंटे कर्णधार, बायकांच्या संघाला सोनं, आणि तिसऱ्या पटावर हिचं स्वतःचं वेगळं सोनं."

महाराष्ट्राला पोरींचं बुद्धिबळ नवं नाही, हेही सांगायचं होतं. 1974 ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली, नि तिची धाकटी बहीण रोहिणी 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली. पण आतून कुकरची शिट्टी झाली आणि आक्कांनी काठी उचलली.

"आता फुडं काय हिचं?"

"पुढच्या वर्षी कँडिडेट्सला बसायचा हक्क मिळाला. तिथं जी जिंकेल ती जगज्जेतीशी लढणार. जू वेनजुन."

"ती कुठली?"

"चीनची."

"परत चीनच?" आक्का दोन पावलं जाऊन वळल्या. "बरं. तवा आधी सांगा. मी येते बघायला, आनि त्या प्याद्याचं काय आसतं ते जरा समजावून सांगायला तुमच्या पोराला बसवा माझ्यापशी."