गोदाकाठचे दर्यावर्दी

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण नदीने त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली आणि १,४६५ किलोमीटरची पायपीट करून ती बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाली. ज्या गावच्या नदीलाच शेजारचा समुद्र मानवला नाही, त्या गावाला बोटीचा सोस कशाला, असं कुणीही विचारील. पण ब्रायटनच्या किनाऱ्यावर बसून समुद्राला साकडं घालणारे सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे आणि 'कोलंबसाचे गर्वगीत' लिहिणारे कुसुमाग्रज नाशिकचेच. समुद्र दिसत नसला की तो मनात जास्त खळाळत असावा.

हल्ली तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांमध्येही खळाळू लागला आहे. कुठलंही एक कुटुंब घ्यावं. बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा, सून आणि सातवीतली नात. महाबळेश्वर झालं, केरळ झालं, चारधाम झाली, मग दिवाळीच्या फराळावर सून म्हणते, "यंदा क्रूझ करू या." काका चकली खाली ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "तिथे पॉइंट किती आहेत बघायला?"

पॉइंट एकही नाही. क्रूझची खरी अडचण तीच आहे आणि मौजही तीच.

मराठी माणसाला बोट नवी नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटींनी चाकरमान्यांच्या पिढ्या वाहिल्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं रत्नागिरी-मालवणकडच्या वडीलधाऱ्यांना अजून तोंडपाठ आहेत. डेकवर चादर टाकून जागा धरायची, शिदोरी सोडायची आणि आपलं बंदर आलं की भर पाण्यात पडावात उतरायचं. पुढे २०१८ साली 'आंग्रिया' नावाची क्रूझ मुंबई-गोवा मार्गावर आली. नाव कान्होजी आंग्र्यांवरून घेतलेलं, पण ती फार वर्षं टिकली नाही. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुटू लागलं. पुढच्याच महिन्यात त्यावरच्या अमली पदार्थविरोधी छाप्याच्या बातम्या टीव्हीवर इतक्या चालल्या की काकू अजून दबक्या आवाजात विचारतात, "म्हणजे तीच का गं ती बोट?"

तीच. फ्रान्समधल्या सँ-नाझेर इथे ती बांधली गेली, १९९० साली. तेव्हा तिचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि अमेरिकेतल्या लोकांना तीन-चार दिवसांत बहामा दाखवून परत आणायचं, एवढ्याच हिशेबाने तिचा आराखडा केला होता. म्हणजे शनिवार-रविवारला एक रजा जोडून निघणाऱ्या नाशिककरांसाठी ती जणू तीस वर्षं आधीच बेतलेली. लांबी २११ मीटर, साधारण रेल्वेचे नऊ डबे. सुनेपेक्षा जहाज वयाने मोठं आहे हे कळल्यावर काकूंचा त्याच्यावर थोडा विश्वास बसतो.

बुकिंगला बसलं की पहिला पेच खोलीचा. आतली बिनखिडकीची सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची, शेवटी 'स्वीट'. "झोपायला तर जायचं, खिडकी काय चाटायची आहे?" असं म्हणून काका आतली खोली घेतात. हा हिशेब चुकीचा नाही, पण बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की सकाळचे दहा आणि रात्रीचे दोन सारखेच दिसतात आणि नाश्ता हुकतो. तिथे गजराला पर्याय नाही. खिडकीपेक्षाही खोली कुठे आहे हे महत्त्वाचं. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर जास्त वरखाली होतं, मध्यावरचं कमी. जहाजाचंही तसंच. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी. दिमाखात सर्वांत वर आणि सर्वांत पुढे खोली घेणाऱ्याला समुद्र पैसे फिटेपर्यंत दाखवतो.

दुसरा पेच भावाचा. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघं धरून असतो. त्यावर बंदराचे आकार येतात, जीएसटी येतो आणि 'ग्रॅच्युइटी' येते. इथे काकांचा चष्मा कपाळावर चढतो. आयुष्यभर नोकरी केल्यावर आपल्याला मिळते ती ग्रॅच्युइटी, अशी त्यांची व्याख्या असते. बोटीवर ती आपण द्यायची असते, तीही माणशी, रोजच्या हिशेबाने. मद्य, इंटरनेट, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे. बोटीवर रोकड चालत नाही, खोलीचं कार्ड दाखवायचं. कार्ड दाखवताना पैसे गेल्यासारखं वाटत नाही, म्हणून रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन खात्याचा उतारा मागावा. काकांना हे काम आनंदाने जमतं. तीन दिवसांत तेवढीच त्यांना घरच्यासारखी वाटणारी गोष्ट.

तिसरा पेच बॅगेचा. काकूंच्या बॅगेत चिवडा, मेतकूट, दशम्या, इस्त्री आणि चहाची विजेची किटली असते. इस्त्री आणि किटली आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्याच क्रूझवर बंद. घरचं शिजवलेलं सहसा नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटाबाबत कंपनीगणिक नियम वेगळा, तो तिकिटाच्या कागदावर वाचून घ्यावा. बाटली तर नकोच. द्राक्षांच्या गावच्या माणसाने आपली वाईन आपल्या गावातच ठेवून निघावं हे उत्तम. जैन आणि शाकाहारी जेवण 'कॉर्डेलिया'वर मिळतं, परदेशी जहाजावर मात्र बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून औषधं, ओळखपत्र आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. नाहीतर नात पोहण्याच्या तलावाकाठी संध्याकाळपर्यंत जीन्स घालून उभी राहते.

मुहूर्ताचं म्हणाल तर नारळी पौर्णिमेआधी समुद्राच्या वाटेला जाऊ नये हे कोळ्यांचं शहाणपण पर्यटकांनाही लागू आहे. दर्या शांत असतो तो दिवाळीनंतर.

निघायच्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेस. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास निघायचं, अकराच्या आत सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. कागदावर हे फार सुरेख दिसतं. पण कसारा घाटाला कागद वाचता येत नाही, आणि बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी चढण्याची मुदत संपते. विमानतळासारखीच रांग, तपासणी, ओळखपत्र. आदल्या दिवशी मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे जेवायला जाणं परवडतं.

चढल्यावर पहिला कार्यक्रम कवायतीचा. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे ठरलेल्या जागी जमायचं आणि लाइफजॅकेट कसं घालायचं ते बघायचं. काका म्हणतात, "एवढं काही होत नाही." १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. हे नात गूगलवर वाचून दाखवते. काका मुकाट्याने पट्टा आवळतात.

आणि मग बोट लागते.

मराठीत गाडी लागते, बोट लागते. म्हणजे दोष त्यांचा, आपला नाही. प्रत्यक्षात भांडण कान आणि डोळे यांचं असतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, खोलीतल्या भिंतीकडे बघणारे डोळे म्हणतात छे, काही नाही. पोट या दोघांमध्ये मध्यस्थी करायला जातं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इंग्लंडचा नौसेनानी नेल्सन जन्मभर याने हैराण होता आणि डार्विनला जगप्रवासभर बोट लागत राहिली. कसारा घाटात ज्याला गाडी लागते त्याने डॉक्टरांना विचारून गोळी बोटीवर चढण्याआधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. पुढे उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसावं, रिकाम्या पोटी राहू नये आणि तोंडात आलेपाकाची वडी ठेवावी.

बरं वाटलं की बुफे. इथे नाशिककरांचा 'वसूल' हा गुण उफाळून येतो. भाड्याचे पैसे पहिल्या दोन जेवणांत फेडून घ्यायच्या इराद्याने काका पुलाव, पास्ता, जिलेबी आणि पुडिंग एकाच ताटलीत रचतात. दोन तासांनी समुद्र शांत असतो, काका नसतात. सगळी जेवणं भाड्यात धरलेली आहेत, ती पळून जात नाहीत. तलावाकाठच्या आरामखुर्च्या मात्र पळून जातात. सकाळी आठलाच लोक त्यांवर टॉवेल टाकून गेलेले असतात. भाऊच्या धक्क्यावरची चादर इथे टॉवेल झाली, एवढाच फरक.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते आणि जहाजाचं स्वतःचं महागडं नेटवर्क फोनला हळूच मिठी मारतं. तेव्हा फोन विमान मोडवर टाकावा. रोजच्या सुप्रभात संदेशाला समुद्रावरच्या रोमिंगचा दर लागला तर तो संदेश पाठवणाऱ्याची सकाळ शुभ राहत नाही.

सहलीत गोवा असेल तर जहाज मुरगावला लागतं. काकूंच्या डोक्यात मंगेशीचा अभिषेक, सुनेच्या डोक्यात फेणी-काजूची खरेदी, मुलाच्या डोक्यात किनारा. पणजीच तिथून ३० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि हातात तास मोजके. एकच काहीतरी निवडावं आणि बोटीवर परत येण्याची वेळ घड्याळात नव्हे, मनगटावर पेनाने लिहावी. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. लक्षद्वीपला अगत्तीत मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. लहान होड्यांतून उतरावं लागतं, अगदी कोकणातल्या पडावासारखं. तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो. तो कोण काढणार, हे बुकिंगच्या वेळीच पक्कं करावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका डेकवर बसलेले असतात. बघायला पॉइंट नाही, फोनला रेंज नाही, हातात वर्तमानपत्र नाही. काकू विचारतात, "काय बघताय एवढं?" काका म्हणतात, "काही नाही." आणि खरोखरच काही नसतं. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून काही न बघितल्याचा हा बहुधा पहिलाच तास.

एक शेवटची सूचना. अनेक क्रूझवर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावरच परत मिळतात. सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढावेत; नाहीतर पायजम्यावर मुंबईत उतरावं लागतं. उतरण्याआधी नाश्ता मिळतो, तो करून घ्यावा. परतीची पंचवटी संध्याकाळी आहे.