राजा अजून बोटीतच आहे

राजमान्य राजेश्री संदर्भशोध यांस,
मुक्काम : माझे टेबल, रत्नागिरी

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या कादंबरीत एप्रिल 1886 उजाडला आहे, ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा मद्रासेहून रत्नागिरीच्या किनाऱ्याला आला आहे आणि आपल्या कृपेने अजून बोटीतच बसून आहे. सोबत राणी सुपयालात. त्यांना उतरवून घ्यावे म्हणून मी पेन उघडतो, तोच आपण चष्मा पुसत विचारता, "पण राजाच्या पायात काय होतं?" झाले! मग ब्रह्मी पादत्राणे. मग त्या दिवशीची भरती-ओहोटी. मग त्या वर्षी एप्रिलात आंबा तयार झाला होता की नव्हता. संध्याकाळपर्यंत वहीत हापूसच्या कलमांची वंशावळ जमते आणि तिकडे राजाला बोट लागायची वेळ येते.

बाकीच्या गुन्हेगारांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मोबाइल तर उघड चोर. आंबे, गणपती, शिमगा येतात तसे जातात. दुपारी आडवा झालो तर निदान आई "अरे, लिहितोस कधी?" म्हणून हलवते. आपले तसे नाही. आपण बारमाही, आणि वर प्रतिष्ठित! नाक्यावर कोणी विचारले, "काय हो, कादंबरी कुठवर आली?" तर मी म्हणतो, "अभ्यास चाललाय." विचारणारा लगेच आवाज खाली आणतो. "थिबा म्हणजे अभ्यास हवाच." आळसाला इतका मान मिळवून देणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

आपली मदतही अशी, की ज्याचे त्यालाच कळावे. थिबा राजवाडा पुरा झाला 1910 साली. तोवर राजाचे बिऱ्हाड दुसऱ्या बंगल्यांत होते. म्हणजे माझ्या पहिल्या प्रकरणात राजवाड्याचे काही कामच नाही. तरी आपण मला तिथे किती वेळा नेलेत! जांभा दगड, ब्रह्मी सागवान, अर्धगोल खिडक्या, खाली भाट्याची खाडी, सगळे टिपून झाले. वॉचमन आता मला खात्याचा माणूस समजतो. एक फायदा मात्र झाला. राजाला वाडा बांधून द्यायला इंग्रज सरकारने चोवीस वर्षे लावली, हे कळल्यापासून मी स्वतःला चपळ समजू लागलो आहे.

आपले आवडते उदाहरण टिळकांचे, तेही आता काढतोच. इंग्रजांची अदलाबदल पाहा : मंडालेचा राजा रत्नागिरीला आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. "त्यांनीसुद्धा तिथे ढीगभर ग्रंथ मागवले होते," हे आपण माझ्या कानात सांगितलेत. बरोबर. पुढचे मात्र गिळलेत. 'गीतारहस्य' त्यांनी 1910-11 च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, शिसपेन्सिलीने लिहून हातावेगळे केले. इकडे राजा नव्या वाड्यात सामान लावत होता, त्याच सुमारास. शिसपेन्सिल माझ्याकडेही आहे. तिचा उपयोग मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत खुणा करायला करतो.

वेळ नाही म्हणावे, तर दापोलीकडचे श्री. ना. पेंडसे आडवे येतात. मुंबईत 'बेस्ट'ची नोकरी सांभाळून त्यांनी 1952 मध्ये 'गारंबीचा बापू' दिली, 1962 मध्ये 'रथचक्र'. आणि थिबाचेच म्हणाल, तर अमिताव घोष यांनी 2000 सालीच 'द ग्लास पॅलेस'मध्ये त्याला रत्नागिरीत उतरवून, वसवून, पुढची पिढीसुद्धा मार्गाला लावली. आपण त्यांच्याकडेही गेला असणारच, पुस्तकावरून दिसते. त्यांनी आपल्याला चहा दिला, काम करून घेतले आणि दारापर्यंत पोचवले. आमच्याकडे आपण जेवायलाच थांबलात.

तरी या पत्राने आपणांस कळवण्यात येते की, राजा उद्या सकाळी उतरणार. पायात काय, याची जागा मोकळी सोडली आहे. भरती लेखकाच्या सोयीने धरली आहे. राणी आंबा खाईल. तो कच्चा की पिकलेला, हे तिचे ती बघेल. मधल्या काळात आपण बाहेर पडवीत बसावे. हरकती असल्यास लेखी द्याव्यात, त्या पहिला खर्डा पुरा झाल्यावर विचारात घेतल्या जातील. पानसुपारी पडवीतच मिळेल.

आपला,
एक होतकरू कादंबरीकार